कुनैनाने गाडीतळ नेला

केडुंगसारीच्या गाडीतळावर, चिंचेच्या झाडाखाली, बू कुनैनाचा, म्हणजे कुनैनाबाईचा, भाताचा ठेला होता. वर पत्रा, पुढे लांब फळी, फळीला लागून बाक, आणि मागे चुलीवर सदोदित वाफाळणारं मोठं भांडं. ती दोनच गोष्टी विकायची, भात आणि मेगोनो. कोवळा फणस अगदी बारीक चिरायचा, त्याला खवलेलं खोबरं नि मसाला चोळायचा आणि वाफवायचा, की झालं मेगोनो. पेकालोंगानच्या बाजूला सकाळी हे पोटात गेल्याशिवाय माणूस माणसाशी धड बोलत नाही. सोबत टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची, गरम भजी आणि साखरेला हात न आखडलेला चहा.

कुनैनाच्या हाताला चव होती, याबद्दल गावात दुमत नव्हतं. असतं तर तिला पहिलं कळलं असतं, कारण ती रोज विचारायची.

"मीठ बेताचं आहे ना हो?"

"आहे की."

"आहे की म्हणजे? कमी आहे पण चालेल असं, की खरंच आहे?"

गिऱ्हाईक बिचारं घास तोंडात धरून विचार करायला लागायचं. तेवढ्यात ती शेजारच्याला विचारून मोकळी व्हायची.

तिचा पिंडच तसा. पातेलं घ्यायचं झालं तरी दुकानातून दोन पातेली उचलून ती सगळ्या आळीत फिरवून आणायची, आणि दुकानदारही काही बोलायचा नाही, कारण पातेली परत येईपर्यंत आळीतल्या दोघीतिघींना पातेलं घ्यायची इच्छा झालेली असायची. लग्नाच्या वेळी वास्दुकीचं स्थळ सांगून आलं तेव्हा तिने आईला विचारलं, मावशीला विचारलं, कुराण शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, बाटिकच्या कारखान्यात शेजारी बसून मेण लावणाऱ्या झाडून सगळ्या मुलींना विचारलं. तरी मन ठरेना. शेवटी पाहायला आलेल्या वास्दुकीलाच तिने चहा देता देता विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, करावं का मी तुमच्याशी?"

वास्दुकी म्हणाला, "माझं काही म्हणणं नाही."

त्या एका वाक्यावर संसार उभा राहिला, आणि तेव्हापासून वास्दुकीचं कशावरच काही म्हणणं नव्हतं. तो गाणारे होले पाळायचा. अंगणात बांबूच्या काठ्यांवर उंच टांगलेले पिंजरे, खाली वास्दुकी लवंगेची सिगारेट ओढत, मान वर करून बसलेला. होले घुमायचे, तो ऐकायचा. कुनैना बोलायची तेही तो तसंच ऐकायचा, फक्त मान खाली करून.

असं सगळं बरं चाललं असताना रस्ता रुंद व्हायची वेळ आली.

रमजानच्या आधी सरकारी ऑफिसची माणसं आली आणि चिंचेच्या बुंध्यावर लाल रंगाची फुली मारून गेली. ईद झाली की झाड जाणार, ठेले जाणार आणि गाडीतळही हलणार, असं कळलं. गाडीतळ कुठे हलणार, असं विचारल्यावर फुली मारणारा म्हणाला, "ते नंतर कळेल." कधी, असं विचारल्यावर तो म्हणाला, "कळेल तेव्हा."

आता ठेलेवाल्यांची पंचाईत झाली. गाडीतळ जाईल तिथे वडापच्या गाड्या जाणार, गाड्या जातील तिथे माणसं, आणि माणसं जातील तिथे भूक. तिथली चांगली जागा आधी धरायला हवी. पण ते 'तिथे' म्हणजे कुठे, हेच कोणाला माहीत नाही. कळेपर्यंत थांबावं तर जागा दुसराच कोणी बळकावणार. आधी धरावी आणि गाडीतळ भलतीकडे गेला तर बसा माशा मारत. तळावर ठेले होते आठ. त्यांतले सात जण डोक्याला हात लावून बसले. कुनैना मात्र कामाला लागली, म्हणजे विचारायला लागली.

तिच्या ओळखीचा गोतावळा मोठा. सकाळी पहिला यायचा तो टेंपेवाला तार्मुजी. मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना टोपल्या अडकवून हा माणूस उजाडल्यापासून गावातल्या प्रत्येक चुलीपर्यंत जाऊन यायचा. टेंपे पोचवायचा आणि बातम्याही पोचवायचा. टेंपे मोजून द्यायचा, बातमी वर फुकट.

त्या सोमवारी कुनैना फणस चिरत बसली होती. हाताला तेल लावलेलं, तरी चीक सुटलेला. ती बोलली ती खरं तर स्वतःशीच.

"नदीकडचा तो बंद पडलेला बर्फाचा कारखाना बघ. केवढं आवार रिकामं पडलंय. गाडीतळ तिथे नेला तर काय बिघडलं?"

"हं," तार्मुजी म्हणाला. त्याचं लक्ष टेंपेत होतं. पण कान काही टेंपेत नव्हते.

पुढचा थांबा कास्मुरीचा. कास्मुरी रश्श्याचा ठेला चालवायचा, आणि त्याचं नि कुनैनाचं बाकाच्या जागेवरून फार वर्षांपूर्वी वाजलेलं. दोघं एकमेकांशी बोलत नसत. एकमेकांचं ऐकायला मात्र दोघांचेही कान टवकारलेले असत, आणि मधली तार म्हणजे तार्मुजी.

"काही कळलं का?" कास्मुरीने विचारलं.

"बर्फाच्या कारखान्याकडे नेतील असं म्हणतायत."

"कोण म्हणतंय?"

तार्मुजीने टोपलीचा दोर आवळला. "लोकं," तो म्हणाला आणि पुढे गेला. खोटं बोलला असं काही म्हणता येणार नाही. एका माणसाला लोकं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहेच.

कास्मुरीची बायको दुपारी केस रंगवायला रोफिकाच्या पार्लरमध्ये बसली होती. तिने सांगितलं, बर्फाच्या कारखान्याकडे नेणार, सगळं गाव म्हणतंय. रोफिका नवऱ्या मुलींना सजवायची, त्यामुळे तिचा गावातल्या सगळ्या चांगल्या घरांत पाय. त्यातल्याच एकीचे भावजी गाड्यांच्या ऑफिसात होते. रोफिकाने तिला गाठून विचारलं. ती म्हणाली, "बाई, भावजी ऑफिसातलं घरी चकार शब्द बोलत नाहीत."

"बघा," रोफिका पुढच्या बाईच्या भुवया कोरता कोरता म्हणाली, "लपवतायत. काहीच नसतं तर लपवलं कशाला असतं?"

पुढची बाई म्हणजे बाटिकचे घाऊक व्यापारी हाजी सोबिरीन यांची बायको. हाजींच्या शब्दाला गावात वजन होतं, कारण एकदा फार वर्षांपूर्वी त्यांनी सुताचा भाव चढेल म्हणून सांगितलं होतं आणि तो खरंच चढला होता. त्यानंतर त्यांनी सांगितलेलं बरंच काही झालं नाही, पण तोवर वजन पडून गेलं होतं. बायकोने बातमी सांगितल्यावर हाजींनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मी कधीपासून तेच म्हणत होतो." बायकोने त्यांना हे म्हणताना कधी ऐकलं नव्हतं, पण ती तशीही त्यांचं फारसं ऐकत नसे.

आठवडाभरात बातमी गावाला फेरी मारून, चांगली अंगाने भरून, ज्या फळीवरून निघाली होती त्याच फळीवर येऊन बसली.

पहिले आले हाजी. भाताचा शेवटचा घास संपवून म्हणाले, "बू, तुझ्या भल्याचं सांगतो. बर्फाचा कारखाना."

कुनैनाच्या हातातला झारा थांबला. "खरं सांगता? अहो, मला पण वाटलंच होतं."

"वाटायचंच. अनुभवी माणसाला वाटतं."

मग कुनैना भिशीला गेली, रोफिकाच्या घरी. चिठ्ठी कोणाची निघते याच्याकडे त्या दिवशी कोणाचं लक्ष नव्हतं.

"ऑफिसातून पक्की बातमी आहे," रोफिका म्हणाली. "भावजींनी तोंडाने नाही सांगितलं, पण कळतं ना."

"आमच्याकडे हाजींनी सांगितलं," दुसरी म्हणाली.

"माझ्या जावेला तर मोजणीची माणसं दिसली तिथे," तिसरी म्हणाली. जावेला दिसली होती ती मासे पकडायला बसलेली माणसं, पण त्यांच्या हातात काठ्या होत्या.

कुनैना घरी आली ती तरंगतच. "अहो ऐकलंत का," ती वास्दुकीला म्हणाली, "हाजी म्हणतात, ऑफिसातून आलंय, भिशीतल्या सगळ्या म्हणतात. ही काही एकमेकांना विचारून बोलणारी माणसं नव्हेत. आणि गंमत म्हणजे माझ्या मनात आपोआप तेच आलं होतं."

वास्दुकी पिंजऱ्याची दोरी सोडत होता. त्याचं काही म्हणणं नव्हतं.

एक माणूस मात्र सुरात सूर मिळवेना. चिक लान. बाजारात तिचं नारळाचं नि मसाल्याचं जुनं दुकान होतं, आणि कुनैना तिच्याकडूनच नारळ घ्यायची. चिक लान नारळ कानाशी हलवून बघत होती.

"गाडीतळाचं काय वाटतं तुला, चिक?"

"मला ठाऊक नाही."

"ठाऊक नाही म्हणजे? इतकी वर्षं दुकान चालवतेस."

"म्हणून तर ठाऊक नाही म्हणायला लाज वाटत नाही. तुला कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनी."

"आणि सगळ्यांना कोणी सांगितलं?"

कुनैनाने जरा विचार केला. "आता सगळ्यांना सगळ्यांनीच सांगितलं असणार ना."

चिक लानने नारळ बाजूला ठेवला. "गाडीवाल्यांना विचारलंस का?"

"त्यांना काय विचारायचं? ते नुसते गाड्या चालवतात," कुनैना म्हणाली, आणि नारळ घेऊन निघाली. वाटेत तिला चिक लानची कीवच आली. दुकानातून बाहेर पडत नाही, चार माणसांत मिसळत नाही, कळणार कुठून?

दुसऱ्याच दिवशी तिने बर्फाच्या कारखान्याचा रखवालदार गाठला, त्याच्याकडून मालकाचा पत्ता काढला आणि आवारातली फाटकाजवळची जागा वर्षभरासाठी ठरवून टाकली.

हे कळल्याबरोबर उरलेल्या सात ठेल्यांवर धावपळ उडाली. आजवर बातमी होती, आता पुरावा मिळाला. केळी तळणारी म्हातारी म्हणाली, "ती बाई मिरची घ्यायची तरी दहा जणांना विचारते. तिने जागा धरली म्हणजे खात्रीच असणार." सगळ्यांना हे पटलं. संध्याकाळपर्यंत रखवालदाराच्या दारात रांग. कास्मुरीने बायकोला पाठवून कुनैनाच्या समोरचीच जागा धरली. धरताना बायकोला बजावलं, "तिला कळू देऊ नकोस, आपण तिच्यामुळे घेतोय ते." हाजी सोबिरीन यांनीही एक कोपरा घेतला. त्यांना ठेला टाकायचा नव्हता, पण सगळे घेत असताना न घेणं त्यांच्या वजनाला शोभलं नसतं.

ईद झाली. चिंच तोडली. आठही ठेले बर्फाच्या कारखान्यात मांडले गेले. कुनैनाने नवीन पत्रा टाकला. आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसने फुटबॉलच्या मैदानावर निळी पाटी उभी केली. गाडीतळ. मैदान गावाच्या पार पश्चिमेला, कारखाना पार पूर्वेला. मध्ये अख्खं केडुंगसारी.

त्या सकाळी कारखान्याच्या आवारात आठ चुली पेटल्या होत्या आणि गिऱ्हाईक म्हणून एकटा रखवालदार होता. आठही जणांनी त्याला हाका मारल्या. त्याला एकाच वेळी इतका मान आयुष्यात मिळाला नव्हता. तो गोंधळून घरी जेवायला गेला.

मग पंचायत बसली. आपल्याला कोणी सांगितलं, याचा छडा लावायचा असं ठरलं.

"मला माझ्या बायकोने," कास्मुरी म्हणाला, हवेकडे बघत, म्हणजे कुनैनाशी बोलल्यासारखं होऊ नये.

"मला तुम्हीच सांगितलंत," बायको म्हणाली. "मी फक्त रोफिकाला सांगितलं."

रोफिकाला पार्लरमधून बोलावून आणलं. ती हातातल्या कंगव्यासकट आली. "मी काही मनाचं सांगितलं नाही. हाजींनीही तेच म्हटलं ना?"

हाजी म्हणाले, "मला घरातून कळलं." घरातून म्हणजे रोफिकाकडून. ही वाट फिरून पुन्हा रोफिकाकडे आली, तेव्हा कास्मुरीला आठवलं की मुळात आपल्याला तार्मुजी बोलला होता. तार्मुजी तेव्हाच नेमका टेंपे घेऊन फाटकातून आत शिरत होता. आठ ठेलेवाले, एक हाजी आणि एक कंगवा आपल्याकडे वळलेला बघून त्याने मोटरसायकल बंदही केली नाही.

"कांग तार्मुजी," थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारत कुनैना पुढे झाली. तिचाच आवाज सगळ्यांत चढलेला होता. "खरं सांगा. कोणी उठवली ही आवई? कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली? त्याचं नाव मला कळलंच पाहिजे."

तार्मुजीने एकदा टोपल्यांकडे बघितलं, एकदा फाटकाकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "तुम्हीच, बू."

"मी काय?"

"त्या दिवशी फणस चिरताना. म्हणालात, गाडीतळ तिथे नेला तर काय बिघडलं."

सगळ्यांच्या माना तार्मुजीकडून कुनैनाकडे वळल्या. कुनैनाला हळूहळू सगळं आठवलं. फणस आठवला, चीक आठवला, स्वतःचं वाक्यही आठवलं. "मी विचारलं होतं," ती पुटपुटली. "मी सांगितलं नव्हतं, विचारलं होतं."

केळीवाली म्हातारी मटकन बाकावर बसली आणि हसायला लागली. तिला बघून आणखी एक जण हसला. कास्मुरी हसला नाही. त्याने त्याच दुपारी ठेला गाडीवर घातला आणि मैदानावर निघून गेला. जाताना इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो कुनैनाशी थेट बोलला. "बू, यापुढे फणस चिरताना तोंड मिटून चिरत जा."

बाकीच्या सहा जणांनी वर्षाची जागा ठरवून घेतली होती, ते तिथेच माशा मारत बसले. त्यानंतर कुनैनाने विचारणंच सोडून दिलं. मीठ विचारेना, साखर विचारेना. भिशीला गेली नाही. रस्त्यात रोफिका दिसली तर छत्री आडवी धरायची. घरी वास्दुकीला मात्र हे जड गेलं. इतकी वर्षं ती विचारायची आणि त्याचं काही म्हणणं नसायचं. आता ती विचारत नाही म्हटल्यावर त्याला अचानक बरंच म्हणावंसं वाटू लागलं.

"आज भाताला जरा..." तो एकदा सुरुवात करायला गेला.

"मी काही विचारलं का तुम्हाला?"

तो परत होल्यांकडे गेला.

आणि न विचारता तिचं बरं चाललं होतं असंही नाही. तिच्या एकटीच्या मनात आलं की गिऱ्हाईक लांबून दिसेल असं काहीतरी लावावं, म्हणून तिने पत्र्यावर भडक केशरी ताडपत्री घातली. तिच्याखाली पांढरा भातही केशरी दिसायचा आणि खाणारा काविळीतून उठल्यासारखा दिसायचा. विचारलं असतं तर आळीतल्या कोणीही सांगितलं असतं.

असेच काही दिवस गेले. मग एका सकाळी वार्सितो नावाचा गाडीवाला आपली वडापची गाडी घेऊन आवारात शिरला. बोनेटमधून वाफ निघत होती. कारखान्यात विहीर होती आणि तिच्यावर रखवालदाराचा नळ. वार्सितो पाण्यासाठी आला होता. कुनैनाला बघून त्याचा चेहरा उजळला. जुन्या तळावरचं हे तिचं रोजचं गिऱ्हाईक, पण 'अजून एक भजं?' यापलीकडे दोघांचं बोलणं कधी झालं नव्हतं. तो बाकावर बसला. गाडीतल्या बायका बाजाराच्या टोपल्या मांडीवर घेऊन आतूनच कुरकुरत होत्या.

कुनैनाने पान वाढलं आणि गप्प उभी राहिली. वार्सितोने दोन घास खाल्ले, मग मान वर केली.

"बू, तब्येत बरी आहे ना?"

"का?"

"मीठ विचारलं नाहीत."

"मी आता कोणाला काही विचारत नाही."

"कमी आहे," वार्सितो म्हणाला.

तिने मिठाची वाटी पुढे सरकवली. आणि सरकवताना तिला चिक लानच्या दुकानातलं बोलणं आठवलं की नुसतीच जीभ शिवशिवली, कोण जाणे, पण तिने विचारलं. "कांग, एक सांगा. तुम्हा गाडीवाल्यांना गाडीतळ कुठे बरा पडतो?"

वार्सितोचा हात घासासकट थांबला. त्याने घास परत पानावर ठेवला. "हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही," तो म्हणाला, आणि मग जो सुरू झाला तो थांबेना. मैदानात सावली नाही, दुपारी सीट अशी तापते की पहिलं बसणारं माणूस उभंच राहतं. पाणी नाही, गाडी तापली तर तिथल्या तिथे ढकला. शाळा सुटली की पोरं खेळायला येतात, पाटी आहे तिथेच त्यांचा गोलखांब होता, त्यामुळे निम्मे गोल काचेवर होतात. लघवीला जायचं तर आडोसा म्हणून दुसरा गोलखांब. आणि खायला? कास्मुरीचा रस्सा आहे, पण त्याने तिथे गेल्यापासून एकटाच आहे म्हणून रस्सा पातळ केलाय.

"मग तिथे थांबता कशाला?"

"पाटी आहे ना."

"आणि इथे पाणी आहे, सावली आहे, मागे मोरी आहे."

"आणि मेगोनो आहे," वार्सितो म्हणाला, आणि घास उचलला.

कुनैना तडक रखवालदाराकडे गेली. गाडीवाल्यांना नळ वापरू द्यायचा, त्याबदल्यात त्याला सकाळचा भात. रखवालदाराला त्यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही.

गाडीवाल्यांचा आपापसात गोतावळा होता, ज्याची कुनैनाला एवढी वर्षं दादही नव्हती. ते समोरासमोर आले की हॉर्न देतात, खिडकीतून एक वाक्य बोलतात आणि सुटतात. त्या एका वाक्यात वार्सितोने काय सांगितलं माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी आवारात चार गाड्या होत्या आणि त्याच्या पुढच्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. पहिले काही दिवस उतारूंनी आरडाओरडा केला. पण गाडीवाला जेवत असेपर्यंत गाडी हलत नाही म्हटल्यावर तेही उतरले, आणि उतरलेला माणूस वासाच्या दिशेने जातोच. मग पूर्वेकडच्या वस्तीतली माणसं तिथूनच गाडी धरायला लागली. पश्चिमेकडच्यांना मात्र लांब पडलं. त्यांच्या शिव्या कुनैनाला भिशीत ऐकून घ्याव्या लागल्या, कारण ती पुन्हा भिशीला जायला लागली होती.

एक दिवस ऑफिसातून एक तरुण साहेब आला, कडक इस्त्रीतला. "हा अधिकृत गाडीतळ नाही," तो म्हणाला. "तुम्हाला इथे थांबायला कोणी सांगितलं?"

सगळ्या ठेलेवाल्यांनी कुनैनाकडे बोट दाखवलं, कुनैनाने वार्सितोकडे, आणि वार्सितोने रिकाम्या पानाकडे.

"आधी बसा, साहेब," कुनैना म्हणाली. "रिकाम्या पोटी चौकशी करू नये."

साहेब बसला. पहिल्या पानावर तो अधिकृत होता. दुसऱ्या पानावर त्याने टोपी काढून बाकावर ठेवली. कुनैनाने त्याला मीठ विचारलं, तिखट विचारलं, घरी कोण कोण असतं विचारलं. शेवटी त्यानेच मान खाजवली.

"बू, आता मी वर काय कळवू? पाटी तिकडे, गाड्या इकडे. मी नवीन आहे."

एवढं ऐकायचा अवकाश, अख्खा बाक मदतीला धावला. केळीवाली म्हणाली, लिहा की मैदानात साप निघाला. हाजी म्हणाले, मजकूर मी सांगतो, तुम्ही फक्त सही करा. वार्सितो म्हणाला, पोरांच्या फुटबॉलचं लिहा, ते खरंही आहे. कुनैनाने सगळ्यांना गप्प केलं आणि साहेबाला म्हणाली, "पाण्यासाठी तात्पुरत्या थांबतात असं लिहा. तात्पुरतं म्हटलं की कोणाची हरकत नसते."

साहेबाने तसंच लिहिलं. काही महिन्यांनी कारखान्याच्या फाटकावर छोटी पाटी लागली, 'तात्पुरता थांबा'. ती अजून तिथेच आहे. मैदानावरची मोठी पाटीही आहे, आणि पोरं तिचा गोलखांब म्हणून उपयोग करतात.

कास्मुरी परत आला. थेट नाही, आधी तार्मुजीकडून निरोप आला, की फाटकासमोरची जागा अजून रिकामी आहे का. ठेलेवाल्यांचं म्हणणं पडलं की येऊ देऊ नये. कुनैनाने प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, मग गाडीवाल्यांना विचारलं. गाडीवाले म्हणाले, एखाद्या दिवशी रस्साही बरा वाटतो. मग तिने तार्मुजीला सांगितलं, "म्हणावं ये. पण रस्सा दाट कर." हा निरोप वाटेत कसा झाला कोण जाणे, कास्मुरी आला तो रागाने लाल होऊन, पण रस्सा मात्र दाट घेऊन आला. दोघं अजून बोलत नाहीत.

केशरी ताडपत्री वार्सितोच्या सांगण्यावरून उतरवली. ती आता वास्दुकीच्या पिंजऱ्यांवर आहे. पावसाचे दिवस आले की होले तिच्याखाली गप्प बसतात, आणि त्यावर वास्दुकीचं एक म्हणणं आहे, जे तो तिला दिवसातून दोनदा ऐकवतो.

गेल्या महिन्यात कुनैनाच्या डोक्यात आलं की दुपारी फोडणीच्या शेवयाही ठेवाव्यात. भिशीत मत पडलं, ठेव. चिक लान म्हणाली, ठाऊक नाही, पण शेवया माझ्याकडून घे. गाडीवाल्यांत दोन तट पडले. मग तिने बाकावर बसलेल्या एका अनोळखी उतारू बाईला विचारलं. ती बाई चांगली समंजस होती, तिने चहा संपवून नीट विचार केला आणि म्हणाली, "शेवया चालतील बाई, पण एक गोष्ट सांगते..."

इतक्यात वार्सितोने हॉर्न दिला. बाई टोपली उचलून धावत गाडीत चढली आणि गाडी हलली. कुनैना हातातला झारा तसाच घेऊन गाडीच्या खिडकीबरोबर फाटकापर्यंत गेली, फाटकाबाहेर गेली, नदीच्या वळणापर्यंत भराभर चालत गेली. मागे बाकावर सगळे भाताची वाट बघत होते. ती घामाघूम होऊन परत आली तेव्हा केळीवालीने विचारलं, "काय म्हणाली?"

"अर्धंच ऐकू आलं," कुनैना म्हणाली, आणि पुढच्या माणसाचं पान वाढायला घेतलं. "तुम्हाला काय वाटतं हो, शेवयांचं?"